भाड्याची गाडी, पॉलिसीतल्या अटी आणि प्रवाशाचा हक्क

मेहकर तालुक्यातून रेल्वे जात नाही. जानेफळच्या माणसाला रेल्वे पकडायची तर आधी खामगाव किंवा शेगाव रस्त्यानेच गाठावे लागते. मोठा दवाखाना, कोर्टाची तारीख, कॉलेज, सोयरीक, सगळे याच रस्त्यावर अवलंबून. एसटीची वेळ जमली तर एसटी, नाही तर काळी-पिवळी किंवा ऑटो. घरचेच दहा-पंधरा जण निघाले तर मात्र कुणाची तरी गाडी 'लावावी' लागते. त्याचेही वर्षाचे वेळापत्रक ठरल्यासारखे आहे. जानेवारीत सिंदखेडराजा आणि हिवरा आश्रम, होळीच्या सुमारास सैलानी, उन्हाळ्यात लग्नसराई, आणि आषाढी झाली की लोणार, मेहकर, जानेफळ या वाटेने शेगावला परतणाऱ्या गजानन महाराजांच्या पालखीचे दर्शन.

अशा प्रवासांत वापरल्या जाणाऱ्या कितीतरी गाड्या भाड्याने माणसे नेण्यासाठी नोंदलेल्या नसतात. गाडीला विमा असतो, पण तो या प्रवासाला लागू पडतो का, हा प्रश्न गाडी ठरवताना कुणी विचारत नाही. अपघातानंतर तोच एक प्रश्न वर्षानुवर्षे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. नुकसान कुणी सोसायचे? कर्ता माणूस गेलेल्या कुटुंबाने, गाडीमालकाने की विमा कंपनीने? या वादात आजवर काय ठरले आणि काय ठरायचे राहिले, ते इथे मांडतो.

जिल्ह्याशी जोडलेले तीन अपघात

२० ऑगस्ट २०२१ रोजी सिंदखेडराजा तालुक्यात तढेगावजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावरचा, लोखंडी सळ्या घेऊन निघालेला टिप्पर उलटला. त्यातून मजुरांनाही नेले जात होते. १३ मजूर गेले.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात दुभाजकाला धडकून उलटली आणि पेटली. बसमधल्या ३३ जणांपैकी २५ जणांचा जीव गेला. बस डाव्या कुशीवर पडल्याने दरवाजाच जमिनीकडे दाबला गेला होता. जे वाचले त्यांतले काही काच फोडून बाहेर आले. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले. परिवहन विभागाच्या पाहणीत त्याला पुष्टी मिळाली नाही.

त्याच वर्षी १५ ऑक्टोबरच्या पहाटे वैजापूरजवळ, पुन्हा समृद्धीवरच, सैलानीहून नाशिककडे परतणारी मिनीबस ट्रकवर आदळली आणि १२ भाविक गेले. १७ आसनांच्या त्या गाडीत ३५ जण होते. ट्रक महामार्गावर थांबवल्याच्या कारणावरून परिवहन विभागाच्या दोन अधिकाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला.

तिन्ही अपघात वेगळे आहेत आणि कायद्याच्या नजरेत तर फारच वेगळे. पहिल्यात मालवाहू गाडीतून माणसे जात होती. दुसऱ्यात तिकीट काढून बसलेले प्रवासी होते. तिसऱ्यात एका गटाने केलेली गाडी होती आणि आसनांच्या दुप्पट माणसे होती. जानेफळसारख्या गावातून निघणारा जवळजवळ प्रत्येक प्रवास या तिन्हींपैकी एकाच्या जवळ जातो, म्हणून सुरुवात इथून केली.

विमा सक्तीचा कसा झाला

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात विम्याचे प्रकरण होते, पण सक्ती प्रत्यक्षात आली १ जुलै १९४६ पासून. गाडीने ज्याचे नुकसान होईल त्याला भरपाई देण्याची ऐपत मालकाकडे असेलच असे नाही, म्हणून विमा कंपनीला मध्ये उभे करायचे, हा त्यामागचा विचार. आज आपण ज्याला 'थर्ड पार्टी' म्हणतो तो हाच विमा. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि त्याच्या कलम १४६ ने ही सक्ती कायम ठेवली. १९९४ च्या दुरुस्तीने मालवाहू गाडीत मालासोबत बसलेल्या मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला संरक्षण मिळाले. सोयाबीनची पोती घेऊन मोंढ्यावर निघालेला शेतकरी पिकअपमध्ये चालकाशेजारी बसला असेल तर तो यात येतो. लग्नाला निघालेले वऱ्हाडी येत नाहीत.

२०१९ च्या दुरुस्तीतील विम्याचे प्रकरण १ एप्रिल २०२२ पासून अमलात आले. चालकाची चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतील, अशी सोय कलम १६४ मध्ये झाली. धडक देऊन पळून गेलेल्या अज्ञात वाहनाच्या प्रकरणात मृत्यूची भरपाई २५ हजारांवरून २ लाखांवर गेली. अपघाताची पहिली माहिती पोलिसांनी ४८ तासांच्या आत न्यायाधिकरणाला द्यायची, असा नियमही त्याच वेळी आला. ५ मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या विनारोकड उपचारांची केंद्राची योजना लागू आहे. रुग्णवाहिकेतून उतरतानाच पैशांची चौकशी होणाऱ्या कुटुंबाला ही योजना ठाऊक असायला हवी.

मोठ्या दाव्यांना या ठरीव रकमा पुरत नाहीत. महिन्याला १५ हजार कमावणारा ३४ वर्षांचा गवंडी गेला, मागे बायको, दोन मुले आणि आई आहे, असे धरू. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेल्या पद्धतीने पुढील वाढीचे ४० टक्के धरले की दरमहा २१ हजार होतात. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की १५,७५० राहतात. वर्षाचे १ लाख ८९ हजार, आणि वयानुसार १६ चा गुणक लावला की ३० लाख २४ हजार. ही रक्कम कोण देणार, याच्यावर त्या घराचे पुढचे वीस वर्षांचे जगणे ठरते.

पांढरी पाटी, पिवळी पाटी

गाडी ठरवण्याची रीत सगळ्यांना माहीत आहे. फोन होतो. 'उद्या पहाटे चारला निघायचे, शेगाव करून रात्री परत, माणसे नऊ.' भाडे ठरते, टोल वेगळा की त्यातच हे ठरते, चालकाचे जेवण ठरते. गाडी कुणाची, तर कुणाच्या मेहुण्याची, कुणाच्या मित्राची. ती एमएच-२८ ची पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी वापरासाठी नोंदलेली.

त्या गाडीची पॉलिसी उघडली तर बहुतेकदा 'वापराच्या मर्यादा' अशा अर्थाच्या मथळ्याखाली बारीक अक्षरांतला मजकूर सापडतो: भाडे किंवा मोबदला घेऊन केलेला वापर, मालवाहतूक, शर्यत वगैरे सोडून इतर कोणत्याही कामासाठी गाडी वापरता येईल. भाडे घेतले की ही अट मोडते. दुसरीकडे त्याच कागदावर आसनक्षमता लिहिलेली असते. दोन ओळींचे हे वाचन गाडी ठरवण्याआधी झाले तर पुढचे अर्धे वाद उभेच राहणार नाहीत.

अट मोडण्यामागे मालकाचे गणित आहे आणि ते समजून घेतले पाहिजे. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ३,४१६ रुपये, कर सोडून. तीच गाडी टॅक्सी म्हणून, म्हणजे पिवळ्या पाटीवर, नोंदली की मूळ हप्ता ७,९४० आणि प्रत्येक प्रवाशामागे ९७८ रुपये. चालक धरून सात आसनांच्या गाडीत सहा प्रवासी धरले तर १३,८०८. म्हणजे वर्षाला दहा हजारांहून अधिक फरक फक्त या एका बाबीत. त्यावर परमिट, वेगनियंत्रक, आणि आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी फिटनेस. लग्नसराईत आणि यात्रेत मिळून वर्षाला मोजकीच भाडी मारणारा मालक म्हणतो, एवढ्यासाठी पिवळी पाटी कशी परवडेल? हिशेब खोटा नाही. त्यात अपघाताचा आकडा धरलेला नसतो, एवढीच त्याची त्रुटी.

पिवळी पाटी दिसली म्हणजे सगळे आलबेल, असेही नाही. परमिट कोणत्या भागाचे, फिटनेस कधीपर्यंत, विमा चालू आहे का, हे तीन प्रश्न उरतातच. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. या गाड्या आपल्याकडे पुणे-मुंबईहून सुटीला येणाऱ्यांच्या हाती दिसतात. पांढऱ्या पाटीची गाडी 'चालक तुमचा, गाडी आमची' म्हणून भाड्याने घेणाऱ्याने पॉलिसीतली तीच अट मोडलेली असते, हे त्याला बहुधा कुणी सांगत नाही.

न्यायालये काय म्हणाली

सर्वांत जास्त वाद झाला तो मालवाहू गाडीतल्या माणसांवर. सत्पाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधी असे धरले की १९८८ च्या कायद्यात मालवाहू गाडीतल्या फुकट प्रवाशांचीही जबाबदारी विमा कंपनीवर येते. डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात मोठ्या पीठाने ते मत मोडीत काढले. मालवाहू गाडी माणसे नेण्यासाठी नसते, त्यामुळे माल सोबत नसलेल्या प्रवाशांसाठी विमा कंपनी बांधील नाही, असा निकाल लागला. २००४ च्या बलजीत कौर प्रकरणात तत्त्व तेच राहिले, पण कुटुंबाला कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत, असा मार्ग काढला गेला. वकिली भाषेत 'पे अँड रिकव्हर'.

ट्रॅक्टर-ट्रॉलीचे तेच. शेतीकामासाठी घेतलेल्या पॉलिसीवर ट्रॉलीतून वऱ्हाड, दिंडी किंवा वीटभट्टीचे मजूर नेले तर पॉलिसी त्यांना ओळखत नाही. ब्रिज मोहन प्रकरणात २००७ मध्ये न्यायालयाने विमा कंपनीची जबाबदारी नाही असे म्हणूनही, जखमी मजुराची गरिबी पाहून विशेष अधिकारात आधी भरपाई द्यायला लावली. अशी दया प्रत्येक दाव्यात मिळेल, या भरवशावर कुणी ट्रॉलीत बसू नये. मजुराबाबत एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. मालवाहू गाडीवर मालकाचा कामगार म्हणून असलेल्या माणसाला कायदा संरक्षण देतो, तर मुकादमाने रस्त्यात बसवून घेतलेल्याला देत नाही. हजेरीपट नसलेल्या मजुराला आपण कामगार होतो हे सिद्ध करणे किती अवघड जाते, ते तालुक्याच्या कोर्टात बसले की दिसते.

क्षमतेपेक्षा जास्त प्रवाशांबाबत २००७ चा अंजना श्याम निकाल महत्त्वाचा. हिमाचलमधल्या त्या बसला ४२ प्रवाशांची परवानगी होती आणि आत ९० जण होते. न्यायालयाने म्हटले की विमा जितक्या प्रवाशांचा, तितक्यांचीच जबाबदारी कंपनीवर. मग ते बेचाळीस कोणते? यावर तोड अशी निघाली की सर्वांत मोठ्या ४२ रकमांची बेरीज कंपनीने भरावी आणि ती सर्व दावेदारांत प्रमाणात वाटावी. उरलेले मालकाकडून घ्यावे. म्हणजे गाडीत चढलेले प्रत्येक जास्तीचे माणूस आधी बसलेल्यांच्या भरपाईतही वाटेकरी होते. 'एकच तर माणूस आहे, घ्या सरकून' म्हणताना हे कुणाच्या मनात येत नाही.

चालकाच्या परवान्याचा प्रश्न बऱ्याच अंशी मिटला आहे. परवाना खोटा किंवा अपुरा निघाला तरी मालकाने जाणूनबुजून दुर्लक्ष केले हे विमा कंपनीने सिद्ध केले पाहिजे, असे स्वरण सिंग प्रकरणात २००४ मध्ये ठरले. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचे प्रवासी किंवा मालवाहू वाहन चालवता येते, हे ६ नोव्हेंबर २०२४ च्या घटनापीठाच्या निकालाने पक्के झाले. छोटा हत्ती, पिकअप, टॅक्सी चालवणाऱ्या हजारो पोरांवरची टांगती तलवार त्याने काढली.

पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने दिली आणि गाडीचेच नुकसान झाले, तर? २००८ च्या नितीन खंडेलवाल आणि २०१० च्या अमलेंदू साहू या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने दावा पूर्ण फेटाळण्याऐवजी ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम द्यायला सांगितली. दावा फेटाळल्याचे पत्र आले म्हणून फाइल बांधून ठेवणाऱ्या मालकांनी ग्राहक आयोगात जाण्याआधी हे दोन निकाल वकिलाला दाखवावेत.

चार बाजू

विमा कंपन्यांचे म्हणणे सरळ आहे. हप्ता धोक्यावर ठरतो. घरच्या माणसांसाठी वर्षाला काही हजार किलोमीटर फिरणारी गाडी आणि अनोळखी प्रवाशांना रात्री-अपरात्री नेणारी गाडी, यांचा धोका सारखा नाही. अट मोडणाऱ्याचे नुकसान भरले तर त्याचा भार नियमाने वागणाऱ्या टॅक्सीमालकाच्या हप्त्यावर पडतो. कायद्यानेच कंपनीला हा बचाव दिला आहे: परमिट नसलेल्या गाडीचा भाड्यासाठी वापर हे कलम १५० मध्ये नाव घेऊन सांगितलेले कारण आहे.

गाडीमालक आणि चालकांची बाजू गावात जास्त ऐकू येते. एसटी वेळेवर नाही, रात्री नाही, वाडी-वस्तीपर्यंत नाही. बाळंतपणाची बाई पहाटे दोनला मेहकरला न्यायची तर परमिटची गाडी शोधायला वेळ कुठला? ते म्हणतात, सरकारला गरज पडली तेव्हा सरकारनेच दार उघडले होते. एसटीच्या संपात नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याने खासगी बस, शाळेच्या बस, इतकेच काय मालवाहू वाहनांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली होती. हा मुद्दा वजनदार आहे. परमिटची अडचण आदेशाने दूर करता येते, पॉलिसीवरची अट मात्र आदेशाने बदलत नाही, हे त्यातून उलट जास्त स्पष्ट झाले.

प्रवाशांचे आणि त्यांच्या वकिलांचे म्हणणे असे की गाडीचे कागद तपासणे हे सरकारचे काम आहे, वऱ्हाडातल्या आजीबाईचे नाही. थर्ड पार्टी विमा नुकसान झालेल्यासाठी जन्मला. मालकाने अट मोडली तर मालकाला शिक्षा करा, विधवेला नव्हे. 'आधी भरा, मग वसूल करा' हा मार्ग प्रत्येक प्रवाशाला मिळावा, अशी ही मागणी. न्यायाच्या दृष्टीने मला ती सर्वांत पटते. पण ती पुढे नेली तर वसुलीची नोटीस तीन एकर कोरडवाहूच्या मालकाच्या दारात येते, आणि वर केलेल्या हिशेबाने तीन-चार मृत्यूंची रक्कम कोटीच्या घरात जाते. तो मालक बहुधा गावातलाच, पुष्कळदा नात्यातलाच असतो.

परिवहन विभाग आणि एसटीची चौथी बाजू. विनापरमिट वाहतुकीला कलम १९२-अ खाली १० हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद, जास्तीच्या प्रत्येक प्रवाशामागे २०० रुपये, विमा नसेल तर पहिल्यांदा २ हजार. शिक्षा कागदावर आहे. जिल्ह्याच्या लांबरुंद रस्त्यांवर तपासणीला माणसे अपुरी पडतात. एसटीकडे प्रासंगिक करारावर अख्खी बस मिळते, लग्नाला आणि यात्रेला. तिकिटातल्या एक रुपयातून २०१६ पासून अपघात निधी आहे आणि मृत्यूसाठी १० लाखांची तरतूद आहे. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट झाल्यापासून घरातल्या बायका एसटीचाच आग्रह धरू लागल्या आहेत. प्रासंगिक करार मात्र नऊ माणसांच्या कुटुंबाला परवडत नाही, आणि खरी गरज त्याच आकाराची आहे.

आजच्या घडीला काय करता येते

गाडी ठरवताना तिचा नंबर विचारावा आणि एम-परिवहन ॲपवर टाकून पाहावा. गाडीचा वर्ग, विम्याची मुदत, फिटनेस तिथे दिसते. पांढरी पाटी दिसली तर मालकाला सरळ विचारावे. अनेक जण एवढ्यावर दुसऱ्याची पिवळी पाटी सुचवतात. माणसे आसनांइतकीच न्यावीत. लेकरेही माणसेच धरावीत. मोठे वऱ्हाड असेल तर दोन जीपा आणि एक पिकअप करण्याऐवजी बसचा भाव विचारून पाहावा, माणशी खर्च पुष्कळदा कमीच निघतो. आगाऊ रक्कम फोनवरून खात्यावर पाठवावी, म्हणजे भाडे दिल्याची नोंद राहते. खासगी बसला एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडे घेता येत नाही, असा राज्याचा २०१८ चा निर्णय आहे. दिवाळीच्या गर्दीत त्याची आठवण करून द्यायला हरकत नाही.

रात्रीच्या प्रवासात चालक एकच आहे का, आणि तो आदल्या रात्री कुठे होता, हे विचारायला लाजू नये. कायद्याने त्याचे काम दिवसाला आठ तास ठरवले आहे. समृद्धीवर सरळ रस्ता आणि तोच वेग यांमुळे डोळा लागण्याचा धोका जास्त. दर दोन तासांनी गाडी विसाव्याच्या जागेवर थांबवायला लावावी, रस्त्याच्या कडेला कधीच नाही. स्लीपर बसमध्ये चढताच आपत्कालीन खिडकी आणि काच फोडायची हातोडी कुठे आहे ते पाहून ठेवावे. पिंपळखुट्याच्या अपघातानंतर हे वेगळे पटवून सांगायची गरज उरलेली नाही.

स्वतःच्या गाडीबद्दल थोडे. नुसत्या थर्ड पार्टीत आपलीच कार उलटली तर आत बसलेल्या नातलगांना संरक्षण नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत कारमधले आणि दुचाकीच्या मागचे प्रवासीही येतात, हे विमा नियामकाने नोव्हेंबर २००९ मध्ये स्पष्ट केले आहे. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो फक्त मालकाचा. शेजाऱ्याची मोटारसायकल मागून नेली आणि स्वतःच घसरून पडलो, तर मागून नेणारा कायद्यात मालकाच्या जागी उभा राहतो. त्याच्या कुटुंबाला थर्ड पार्टीतून काही मिळत नाही. नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा विमा एकदम काढला जातो, आणि सहाव्या वर्षी तो संपलेला कुणाच्या लक्षात येत नाही. २०२२ च्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या साध्या मोटारसायकलचा हप्ता वर्षाला ७१४ रुपये. आणि गाडी विकली असेल तर नाव उतरल्याशिवाय ती आपलीच समजावी. सह्या केलेले फॉर्म देऊन गाडी हातोहात तीन ठिकाणी गेली तरी भरपाईची जबाबदारी नोंदीवरच्या मालकाची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात सांगितले.

अपघात झालाच तर पोलिसांपुढचा पहिला जबाब खरा द्यावा. 'भाडे दिले नव्हते, ओळखीने बसलो' असे सांगा, म्हणजे क्लेम मिळेल, असा सल्ला दवाखान्याच्या आवारातच मिळतो. कुटुंब दुःखात असते आणि ऐकते. मग मोबाइलवरची पैसे पाठवल्याची नोंद पुढे येते, जबाब खोटा ठरतो, आणि ज्या बाबतीत ते कुटुंब खरे बोलत असते त्यावरही संशय घेतला जातो. दाव्याचा अर्ज स्वतःच्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात करता येतो. छत्रपती संभाजीनगर किंवा ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला म्हणून तिकडे खेटे घालायची गरज नाही.

अजून न मिटलेले

पहिला प्रश्न मुदतीचा. दावा सहा महिन्यांत केला पाहिजे, ही १९९४ मध्ये काढून टाकलेली अट १ एप्रिल २०२२ पासून परत आली. दशक्रिया, दवाखाना, पेरणी यांत सहा महिने कसे जातात ते खेड्यात सांगावे लागत नाही. या तरतुदीला आव्हान दिले गेले असून, मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. अंतिम निकालाची वाट न पाहता सहा महिन्यांच्या आत अर्ज करणे हेच शहाणपणाचे.

दुसरा प्रश्न पांढऱ्या पाटीच्या कारमधून भाडे देऊन जाणाऱ्या प्रवाशाचा. सर्वसमावेशक पॉलिसीत कारमधले प्रवासी येतात आणि त्याच पॉलिसीत भाड्याचा वापर वगळलेला असतो. अशा वेळी कंपनीने आधी भरून मग वसूल करायचे, की तिला पूर्ण सोडायचे, यावर उच्च न्यायालयांचे निकाल एका सुरात नाहीत. त्यामुळे एकसारख्या दोन अपघातांत एका घराला भरपाई मिळते आणि दुसऱ्याला मालकाच्या मागे फिरावे लागते. या विषयातली ही सर्वांत मोठी अनिश्चितता आहे, आणि तिची झळ नेमकी जानेफळसारख्या गावांना बसते.

तिसरा प्रश्न व्यवस्थेचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ८७ मध्ये जत्रा आणि धार्मिक मेळाव्यांसाठी तात्पुरत्या परवान्याची सोय आहे. म्हणजे सैलानीच्या किंवा शेगावच्या गर्दीसाठी चार दिवसांचे वैध परमिट ही कल्पना कायद्याला नवी नाही. पण तिचा उपयोग वर्षभर धंदा करणाऱ्यांनाच होतो, कारण खासगी नोंदणीच्या गाडीला तेवढ्या दिवसांसाठी प्रवाशांचा विमा सहज जोडून मिळत नाही. दिवसाच्या हिशेबाने, माणशी ठरावीक हप्ता घेऊन, गावातल्या सेवा केंद्रावर काढता येईल असा विमा आणि त्याच पडद्यावर मिळणारे तात्पुरते परमिट, या दोन्ही गोष्टी आजच्या तंत्राला अवघड नाहीत. टॅक्सीमालकांच्या संघटना त्याला विरोध करतील, आणि त्यांच्या पोटावर पाय येतो हे खोटे नाही. विमा कंपन्या म्हणतील की खासगी गाडीचा फिटनेस कोण तपासणार? दोन्ही आक्षेपांना उत्तर शोधायचे काम परिवहन विभाग, विमा नियामक आणि एसटी यांनी एकत्र बसून करायचे आहे. पुढच्या होळीच्या यात्रेच्या आधी एखाद्या तालुक्यापुरता त्याचा प्रयोग करायला कायद्याची आडकाठी दिसत नाही.